कुस्तीगीर मुलींसाठी वजनकाटा: काचेचा घरगुती की अडतीवरचा प्लॅटफॉर्म?

गावच्या आखाड्यात मुली फ्रीस्टाइलची तयारी करत असतील, तर महागडे बूट घेण्याआधी चांगला काटा घ्या. तो काचेचा घरगुती नको. अडतीवर धान्याला लागतो तो 100 किलोचा, लोखंडी चौकटीवर स्टीलचं ताट असलेला इलेक्ट्रॉनिक प्लॅटफॉर्म काटाच या कामाचा आहे.

इथे प्रश्न ग्रॅमचा आहे. ऑलिंपिकला मुलींचे 6 गट आहेत: 50, 53, 57, 62, 68 आणि 76 किलो. वजन सिंगलेट (कुस्तीचा अंगाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख) घालूनच होतं आणि कपड्याची सूट मिळत नाही. स्पर्धा दोन दिवस चालते, म्हणून फायनल किंवा रेपेचाजला (हरलेल्यांना कांस्यासाठी मिळणारी दुसरी संधी) पोचलेलीला दुसऱ्या सकाळी पुन्हा काट्यावर उभं राहावं लागतं. पॅरिसमध्ये 6 ऑगस्ट 2024 ला 50 किलो गटात विनेश फोगाटने जपानच्या युई सुसाकीसह तिघींना हरवलं. रात्रभर घाम काढला, केसही कापले, तरी 7 तारखेच्या सकाळी काटा 50 किलोच्या वर 100 ग्रॅम दाखवत होता. फायनल गेली, हातातलं रौप्यही गेलं, कारण त्या वेळच्या नियमाने वजनात न बसणारी थेट शेवटच्या क्रमांकावर जात होती.

आता काचेचा काटा पाहा. तो बहुधा 100 ग्रॅमच्या पायरीने आकडा दाखवतो. म्हणजे 50.0 दिसलं तरी खरं वजन 49.95 ते 50.05 मध्ये कुठेही असू शकतं, आणि त्यातली वरची बाजू म्हणजे बाद. दुसरा दोष जास्त फसवा आहे: काही मॉडेल मागचं वजन लक्षात ठेवतात आणि फरक थोडा असला की जुनाच आकडा पुन्हा दाखवतात. तपासायला सोपं आहे. पोरीचं वजन करा, मग तिच्या हातात 200 मिली पाण्याचा पेला देऊन पुन्हा उभं करा. आकडा पेल्याच्या वजनासह 200 ग्रॅमच्या वर वाढला नाही, तर तो काटा वजन उतरवायच्या कामाचा नाही. हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो म्हणून मोह होतो, पण तो फक्त महिन्याचा अंदाज घ्यायला ठीक.

प्लॅटफॉर्म काटा घेताना पाटी वाचा. तिच्यावर कमाल वजन आणि 'ई' (इंग्रजी e, म्हणजे काट्याची तपासणीची पायरी) असं लिहून पुढे ग्रॅम दिलेले असतात. 'ई' 10 ग्रॅम असलेला घ्या. त्याला वैधमापन खात्याचा (सरकारी वजनमाप तपासणीचा) शिक्का मारताना 50 किलोवर 15 ग्रॅमपर्यंतची चूक चालते, वापरात 30 ग्रॅमपर्यंत. 'ई' 20 असेल तर हीच चूक दुप्पट. ताट निदान 400 बाय 400 मिलिमीटरचं हवं, नाहीतर 68 किलोची मुलगी अंग आवरून उभी राहते आणि आकडा हलत राहतो.

इथे एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. काट्यातला लोडसेल (ताटाखालचा वजन जाणणारा धातूचा भाग) वस्तुमान मोजत नाही, ताटावर पडणारं बल मोजतो, आणि गुरुत्व जागेप्रमाणे बदलतं. दिल्लीत जुळवलेला काटा नागपूर-अमरावतीकडे 50 किलोला साधारण 25 ग्रॅम कमी दाखवेल. ऑनलाइन मागवलेला काटा उघडून तसाच वापरायचा नाही. बाजार समितीतल्या ओळखीच्या अडत्याकडून शिक्क्याची 20, 20 आणि 10 किलोची लोखंडी वजनं एका दिवसासाठी आणा आणि 50 किलोवर ताडून बघा. मग 20 किलोचं वजन ताटाच्या चारही कोपऱ्यांत आळीपाळीने ठेवा. आकडे एकमेकांपासून 20 ग्रॅमपेक्षा जास्त सरकले तर दुरुस्तीवाल्याकडून कोपरे जुळवून घ्या. वैधमापनाचा शिक्का दर 12 महिन्यांनी नवा करून घ्यायचा.

बिघाड बहुतेक जागेमुळे होतो. सारवलेल्या जमिनीवर काटा ठेवला की एक पाय रुततो आणि पाणसळीचा बुडबुडा मधून सरकतो. शहाबादी फरशी किंवा कोबा हवा. कूलरची हवा थेट ताटावर आली तर शेवटचा आकडा नाचतो. ताटाखाली तुरीचा दाणा किंवा खडा अडकला की काटा शून्यावर परतत नाही, म्हणून हलवल्यावर ताट उचलून खालची जागा फडक्याने पुसा. लाइट गेली तर आतल्या बॅटरीवर चालतो, पण बॅटरी उतरत आली की आकडा भरवशाचा राहत नाही; चिन्ह लुकलुकायला लागलं की वजन थांबवा. सुरू केल्यावर 10-15 मिनिटं गरम होऊ द्या. उंदरांनी केबल कुरतडणं हा गोदामातल्या काट्यांचा नेहमीचा रोग आहे, ती लोखंडी नळीतून न्या. आणि ताटावर उडी मारून चढायचं नाही. अशा धक्क्याने लोडसेल कायमचा वाकू शकतो.

काटा बरोबर असला तरी आकडा समजून घ्यायला लागतो. पाळीआधीच्या दिवसांत अंगात पाणी साठून किलोभर जास्त भरू शकतं, ते चरबीचं वजन नाही. रोज एकाच वेळी, सकाळी शौचानंतर, कोरड्या सिंगलेटवर मोजा आणि वहीत लिहा. काट्याची चूक धरून गटाच्या खाली निदान 100 ग्रॅम राखा. एप्रिल-मे महिन्यात अकोला-चंद्रपूरच्या 45 अंशांत पाणी तोडून वजन उतरवणं मात्र करू नका. उष्माघाताने पोरगी दगावू शकते. एवढं खाली जावंच लागत असेल, तर तिचा गट बदला. अल्पवयीन मुलींच्या बाबतीत हे आई-वडिलांसमोर बसून ठरवायचं.

किंमत काचेच्या काट्याच्या पाच-सहा पट पडते. आखाड्यातल्या सगळ्यांनी मिळून घेतला तर जड जात नाही. तालुक्याच्या गावी दुरुस्तीवाला आहे ना, हे आधी विचारा. ज्याचा इंडिकेटर (आकडा दाखवणारा डबा) आणि लोडसेल सुटे मिळतात, तोच मॉडेल घ्या.