मदरबोर्डचे पैसे घेतले, पण मदरबोर्ड बदललाच नाही

जुन्या लॅपटॉपचा चार्जिंगचा पोर्ट (चार्जरची पिन लावायची जागा) सैल झाला की दुरुस्तीवाले काय काय सांगतात, हे वाचकांना नव्याने सांगायला नको. मलाही ते ठाऊक होते आणि तरीही माझ्याकडून १०,३०० रुपये उकळले गेले. त्यात मदरबोर्डचे ८,६००, चार्जिंग पोर्टचे ९५० आणि मजुरीचे ७५० होते. ही फोड तोंडी सांगितली गेली. पावतीवर मात्र ‘लॅपटॉप दुरुस्ती’ एवढे दोनच शब्द आणि एकूण रक्कम आहे. बदललेल्या भागाचे नाव आणि त्यावरचा क्रमांक पावतीवर लिहिल्याशिवाय कोणालाही पैसे देऊ नका.

चार्जरची पिन एका बाजूला दाबून धरली तरच बॅटरी चार्ज होई आणि शेजारच्या यूएसबी पोर्टात लावलेला पेन ड्राइव्ह जरा धक्का लागला की बंद पडे. तोच चार्जर त्याच मापाच्या दुसऱ्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालत होता, म्हणजे दोष पोर्टातच आहे हे मी आधी पडताळले होते. दुकानदाराने मात्र पोर्ट हलून हलून खालचे सोल्डरिंग तुटले, शॉर्ट झाले आणि मदरबोर्डवरची चार्जिंग आयसी, म्हणजे चार्जिंग सांभाळणारी चिप, गेली, असे निदान केले. हे ऐकून मी मान डोलावली याचे कारण असे की, असे खरोखरच घडते. पोर्ट थेट बोर्डवर सोल्डर केलेला असेल तर सतत ओढाताण होऊन सांधे तडकतात, जोर बसला तर तांब्याचे पॅडही उखडतात, आणि यूएसबी-सी पोर्टाच्या २४ बारीक पिना नीट बसवणे हे गरम हवेच्या यंत्राशिवाय होणारे काम नव्हे. खोटे सांगणाऱ्याने खऱ्या माहितीचाच आधार घेतला होता. फक्त आयसी खरेच गेली असती, तर त्याच्याच टेबलावर पिन तिरकी धरल्यावर चार्जिंगचा दिवा लागला नसता.

पण मला खरा संताप येतो तो लॅपटॉप परत घेतानाच्या क्षणाचा. ४,००० रुपये आगाऊ दिलेले होते, उरलेले ६,३०० मोजून दिले आणि त्याने बटण दाबताच पडद्यावर बायोसचा, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामचा, पासवर्ड मागितला गेला. तो पासवर्ड मीच फार पूर्वी घातलेला होता आणि माझ्या मॉडेलमध्ये तो मदरबोर्डवरच्या चिपमध्येच साठवलेला असतो. नव्या बोर्डाला माझा पासवर्ड माहीत असण्याचे काहीच कारण नव्हते. मी तो त्याच्यासमोर टाइप केला, लॅपटॉप सुरू झाला, आणि ‘सर, आता काही चिंता नाही’ या वाक्यावर मी आभारही मानले! मागे रांग होती, काम खोळंबलेले होते, आणि चार्जिंग त्या वेळी तरी चालू होते. अशा वेळी बायोसचा विचार किती जण करतील?

पोर्ट लवकरच पुन्हा हलू लागला. दुसऱ्या कारागिराने झाकण उघडले तेव्हा जुनाच पोर्ट गरम गोंदाने चिकटवलेला निघाला. माझ्या मॉडेलमध्ये हा पोर्ट बोर्डवर सोल्डर केलेलाच नाही. तो छोट्या वायरच्या टोकाला असतो आणि ती वायर बोर्डवरच्या खाचेत नुसती बसवायची असते. म्हणजे सोल्डरिंगची सगळी कथाच बनावट होती. नवीन वायरसह पोर्ट आणि मजुरी मिळून ६५० रुपये झाले. तुमच्या मॉडेलमध्ये पोर्ट वायरवर आहे की बोर्डवर, हे दुकानात जाण्याआधी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहा. यूएसबी-सी सैल वाटत असेल तर आधी लॅपटॉप बंद करून आत दबून बसलेला कचरा लाकडी काडीने अलगद काढा आणि केबल बदलून पाहा. कित्येकदा दोष तेवढाच असतो.

तक्रार घेऊन गेलो तिथे पोलिसांनी हा दिवाणी वाद असल्याचे सांगितले. ग्राहक तक्रार कक्षाने मदरबोर्ड बदलला नसल्याचा पुरावा मागितला. बदलल्याचा पुरावा दुकानदाराकडे का मागत नाही, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. बोर्डवरच्या लेबलाचा क्रमांक बायोसमध्ये दिसणाऱ्या क्रमांकाशी जुळतो, याची छायाचित्रे मी जोडली, तर ती दुरुस्तीपूर्वीची नाहीत असा शेरा आला. कोण माणूस लॅपटॉप दुकानात देण्याआधी तो उघडून बोर्डाचा फोटो काढून ठेवतो? आता मी सांगतो, काढून ठेवा. झाकण उघडता येत नसेल तर बायोसमधल्या अनुक्रमांकाचा आणि अंगभूत लॅन पोर्टाच्या मॅक पत्त्याचा (नेटवर्कवरच्या ओळख क्रमांकाचा) तरी फोटो घ्या आणि जुना सुटा भाग परत द्यावा लागेल हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच लिहून घ्या. शेवटी ‘सेवा पुरवण्यात आली आहे’ एवढ्या ओळीवर माझी तक्रार निकाली काढण्यात आली. जणू लॅपटॉप परत मिळाला, हीच सेवा!

फेरविचाराचा अर्ज दिल्यावर दुकानदाराने १,५०० रुपये घेऊन तक्रार मागे घ्या, असा निरोप पाठवला. पूर्ण १०,३०० हातात पडल्याशिवाय मी सही करणार नाही, हे त्याला लेखी कळवले आहे.