आय-कार्डवर टेक्निशियन, वॉर्डात मामा: कोर्स आणि नोकरीचा नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

पेशंट सांभाळायचा कोर्स करताना मी असाच कुणाचा तरी अनुभव शोधत होतो, मिळायचे ते सगळे इन्स्टिट्यूटवाल्यांचे नाहीतर अमेरिकेतले व्हिडिओ. तिथला पेशंट केअर टेक्निशियन रक्त काढतो, ईसीजी काढतो, ते बघून मी पण हवेत. इकडं तसलं काही नाही. सुईला हात लावायचा नाही, औषध द्यायचं नाही, ती कामं सिस्टरची. हे आधीच डोक्यात पक्कं असू द्या, नाहीतर पहिल्या आठवड्यातच तोंड पडतंय.

मी तासगावकडचा, घरची द्राक्षबाग. बारावी आर्ट्स झालो, मग दोन वर्षं पोलीस भरतीच्या नादात घालवली आणि शेवटी मावसबहिणीनं सांगितलं म्हणून सहा महिन्यांचा कोर्स केला. जनरल ड्यूटी असिस्टंट म्हणजे जीडीए. कागदावर जीडीए, जाहिरातीत पेशंट केअर असिस्टंट, माझ्या आय-कार्डवर पेशंट केअर टेक्निशियन आणि वॉर्डात आत पाऊल टाकलं की 'ओ मामा'. वय तेवीस, पण साठ वर्षांचे काका पण मामाच म्हणतात. बायकांना मावशी, आम्हाला मामा. पहिले पंधरा दिवस लय राग यायचा, आता कुणी नावानं हाक मारली तर मीच मागं वळत नाही.

नोकरी मिरजेत. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. मिरजेत राहून हे काम मिळालं नाही असं मात्र होणार नाही, डॉ. वानलेस यांनी १८९४ ला मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून गावाला दवाखान्यांची सवय आहे आणि स्टेशनवर उतरणाऱ्या दर चार माणसांत एकाच्या हातात एक्स-रेचं पाकीट दिसतंय. निम्मे पेशंट कर्नाटकातले, अथणी, चिक्कोडी, रायबाग. ह्याबद्दल कोर्समध्ये एक अक्षर नव्हतं आणि मला कन्नड शून्य.

आधी कोर्सचं सांगतो. २४ हजार भरले, त्यात दोन युनिफॉर्म, एक पुस्तक आणि पांढरे कापडी बूट. चार महिने क्लास, दोन महिने प्रॅक्टिकल. क्लासमध्ये एक डमी होती, तिचा डावा हात निघालेला, त्याच डमीवर आम्ही अठराजण स्पंजिंग, म्हणजे ओल्या कापडानं अंग पुसणं, शिकलो. तरी मॅडम चांगल्या होत्या, जुन्या स्टाफ नर्स, त्यांनी ज्या दोन-तीन गोष्टी डोक्यात ठोकून बसवल्या त्याच आज रोज वापरतोय. हात धुणं साबणानं ४० ते ६० सेकंद, उगं पाणी लावल्यासारखं नाही. कचऱ्याच्या पिशव्या, म्हणजे रक्त लागलेला कापूस-ड्रेसिंग पिवळ्यात, सलाईनची नळी, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, ग्लोव्हज लाल्यात, सुया पांढऱ्या कडक डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. आणि तिसरं म्हणजे श्वास मोजायचा तो पेशंटला न सांगता. सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. मनगट धरून नाडी मोजतोय असंच दाखवायचं, नाडी मोजून झाली तरी हात सोडायचा नाही, नजर पोटाकडं, आणि पूर्ण एक मिनिट. मोठ्या माणसाचा १२ ते २० पाहिजे. ह्यासाठी सेकंदकाट्याचं साधं घड्याळ घ्या, मी ३०० रुपयांचं घेतलं, नऊ महिन्यांत एकदा सेल बदलला. स्मार्टवॉच घेऊन आलेल्या मित्राला सिस्टरनी दुसऱ्या दिवशीच काढायला लावलं.

बूट मात्र पूर्ण वाया. कापडी बुटात एकदा युरीन सांडली की विषय संपला, धुवून वाळवले तरी वास जात नाही. आठव्या दिवशी रबरी, धुता येणारे, मागनं बंद असलेले घेतले, तेच अजून चालू आहेत.

आता काम. क्लासमध्ये सगळ्यात जास्त वेळ बीपीवर गेला आणि वॉर्डात सगळ्यात जास्त वेळ जातो कूस बदलण्यात. जो स्वतः हलू शकत नाही त्याला दर दोन तासांनी. उजवी कूस, पाठ, डावी कूस, परत. ऐकायला सोपं वाटतं, पण आठ खाटा, त्यातले तीन असे, मधेच एकाला पॉट पाहिजे, एकाचा डायपर बदलायचाय, एकाला स्ट्रेचरवरनं सोनोग्राफीला न्यायचंय, तेवढ्यात दोन तास कधी होतात कळत नाही.

माझा पहिला असा पेशंट अथणीकडचे एक अज्जा. पॅरालिसिस, उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली, वजन ऐंशीच्या वर. मी जोशात त्यांना उचलताना उजव्या काखेत हात घालून ओढायला गेलो तर मागनं एक जुने मामा ओरडले, "आरं तो हात मेलाय, वढलास तर खांदा निखळंल!" पुस्तकात ते वाक्य होतं, मी पेपरात लिहिलंपण होतं, पण हातानं ऐकलं नव्हतं. मग त्यांनी दाखवलं. माणसाला ओढायचंच नाही, खाली ड्रॉ शीट, म्हणजे आडवी चादर, घालायची, दोघांनी दोन्हीकडनं चादर गुंडाळून धरायची, एक-दोन-तीन आणि उचलून सरकवायचं. ओढलं की कातडी घासते आणि तिथनंच बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, सुरू होतो. गुडघ्यांच्या मधे उशी, पोटरीखाली उशी म्हणजे टाच हवेत राहते. त्याच अज्जांच्या माकडहाडावर पाचव्या दिवशी लालसर ठिपका दिसला, एक रुपयाच्या नाण्याएवढा. मामांनी बोट दाबून धरलं, सोडलं, म्हणाले बघ. चांगल्या कातडीवर दाबलं की तेवढ्यापुरतं फिकं पडतं, हा लालच राहिला. सिस्टरना बोलावलं, एअर बेड आला, पाठीवरचा टर्न बंद केला, फक्त दोन कुशी. अकराव्या दिवशी ते घरी गेले तेव्हा ठिपका जवळजवळ गेला होता आणि कातडी फुटली नव्हती. घरच्यांना हे माहीतपण नसणार, त्यांच्या लेखी मी चादर बदलणारा मामा.

त्यांच्या सुनेनं मला कन्नड शिकवलं. "नोवु ऐती?" म्हणजे दुखतंय का, "नीर बेकेन्री?" म्हणजे पाणी पाहिजे का. आणि "सावकाश" त्यांच्यातपण सावकाशच, ते कळल्यावर लय बरं वाटलं. वहीत सतरा-अठरा शब्द आहेत, कोर्सच्या पुस्तकापेक्षा ती वही जास्त उघडतोय.

आता माझी चूक, म्हणजे नवीन येणाऱ्यांनी करू नये. दुसऱ्याच महिन्यात, नाईटला. सकाळी सहाला गडबडीत एका आज्जींची युरोबॅग, म्हणजे कॅथेटरला लावलेली लघवीची पिशवी, रिकामी केली आणि चार्टवर लिहिलं नाही. मग मी पुढच्या ड्यूटीला ओव्हर देऊन घरी. राऊंडला डॉक्टर आले, इनटेक-आऊटपुट चार्ट बघितला तर रात्रभरात आत दीड लिटरच्या आसपास आणि बाहेर शून्य. झालं, किडनीचं काय, कॅथेटर ब्लॉक आहे का, धावपळ. साडेनऊला मला फोन. मी आधी थोडं गुळमुळीत बोललो आणि मग सांगून टाकलं की बॅग मीच ओतली, ६०० भरली होती. इन्चार्ज सिस्टर एवढंच म्हणाल्या, "बरं झालं बोललास, त्यांना लॅसिक्स चढवणार होते." म्हणजे लघवी वाढवायचं औषध. त्या दिवसापासून आधी चार्ट, मग बेसिन. तिथंच शिकलेली दुसरी गोष्ट, पेशंट हलवताना युरोबॅग पोटावर ठेवून देतात ना सोयीचं म्हणून, तसं करायचं नाही, मूत्राशयाच्या खालीच पाहिजे, नाहीतर लघवी उलटी आत जाते आणि इन्फेक्शन.

बारकाव्यात अजून थोडं. थंडीत म्हाताऱ्यांची बोटं गार पडलेली असतात, ऑक्सिमीटर ८२ दाखवतंय म्हणून पळत सुटू नका, आधी पेशंटकडं बघा, बोट चोळून गरम करा, परत लावा, मग सिस्टरकडं. धाप लागलेली दिसली तर मात्र चोळत बसू नका. डायलिसिसवाल्याच्या फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी शिरा जोडलेल्या हातावर बीपीचा पट्टा कधीच नाही. जाड दंडाला छोटा पट्टा लावला तर बीपी उगंच जास्त येतं. नळीतनं फीड देताना आणि दिल्यावर किमान अर्धा तास डोकं वर, लगेच आडवं केलं तर छातीत जाऊ शकतं.

पगार. हातात ११ हजार ५००, आणि महिन्यात आठ-दहा नाईट, नाईट म्हणजे रात्री आठ ते सकाळी आठ. घरी जाऊन पेशंट सांभाळणाऱ्यांना पैसे जास्त मिळतात असं आमच्यातलेच सांगतात, पण तिथं चोवीस तास एकटं, विचारायला सिस्टर नाही, आणि पेशंटबरोबर भांडीपण घासायला लावतात असंही तेच सांगतात. मी पहिलं वर्ष तरी वॉर्डातच काढणार. कंबर सहाव्या महिन्यात धरली होती, चूक माझीच, खाट वर न घेता वाकून काम करायचो. एक लस लक्षात ठेवा, हिपॅटायटीस बी, तीन डोस, ०, १ आणि ६ महिने. आमच्याकडं कुणी विचारलं नाही, मी स्वतःच विचारून घेतली.

आणि कुणी म्हणालं की हे करून पुढं आपोआप नर्स होता येतं तर ते खोटं. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, वेगळं, तीन वर्षांचं, त्याची ॲडमिशन वेगळी, हा अनुभव तिथं मार्कात धरत नाहीत. माझ्या बॅचच्या चारजणांना हेच सांगून ॲडमिशन दिलं होतं.

रेटिंग मागाल तर कोर्सला ५ पैकी ३, नोकरीला ४, बुटाला शून्य. हाच कोर्स सरकारी कौशल्य योजनेत फुकट पण असतो, मला २४ हजार भरल्यावर कळलं, तर आधी तिथं बॅच आहे का बघा. पैसे भरूनच करायचा असेल तर काउन्सेलरला दोनच प्रश्न विचारा, प्रॅक्टिकल कुठल्या हॉस्पिटलात आणि तिथं खाटा किती. आमचं प्रॅक्टिकल बारा खाटांच्या ठिकाणी झालं, त्यातल्या सात रिकाम्या असायच्या, दोन महिन्यांत मी एकही पेशंट कुशीवर वळवला नाही.