ताई ची : काही महिन्यांच्या सरावानंतर, रावेरच्या केळीच्या मळ्यातून

ध्यानाला बसलं की ज्यांचं मन आणखीच उधळतं, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय. माझं तसंच होतं. डोळे मिटले की मजुरांचे पैसे, निसवणीला आलेली, म्हणजे घड बाहेर पडायला लागलेली बाग, आजचा भाव, सगळं एकामागून एक समोर उभं राहायचं. आमच्या रावेर-यावल पट्ट्यात केळीवाल्याला निवांत झोप तशीही कमीच. शेतपंपाची थ्रीफेज वीज कधी दिवसा तर कधी रात्री, आणि मे-जूनचं एक वादळ कापणीला आलेली बाग तासाभरात आडवी करून जातं. मला झोप हवी होती. पोरीने पुण्याहून ताई चीचे, म्हणजे संथ हालचालींच्या चिनी व्यायामाचे व्हिडिओ पाठवले. कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीची लागवड उरकल्यावर सुरुवात केली, आता मृग तोंडावर आलाय.

मी करतो तो २४ हालचालींचा प्रकार. मुळात ही लढाईची विद्या. चीनच्या हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावात सतराव्या शतकात ती आकाराला आली असं मानतात. पुढे यांग लुचान तिथे शिकला आणि त्याच्यापासून यांग शैली चालू झाली. तिच्यातूनच १९५६ मध्ये चीनच्या सरकारने सगळ्यांना जमेल असा हा छोटा क्रम बसवला. पूर्ण करायला पाच-सहा मिनिटं लागतात. मी सकाळी तो दोन-तीनदा करतो, त्याआधी थोडा वेळ गुडघे किंचित वाकवून नुसता उभा राहतो. खर्च म्हणाल तर काही नाही. सपाट तळव्याचे बूट असले तर बरे. मी खळ्यात अनवाणीच करतो.

आता खरं सांगायचं ते. ताई ची मनाला गप्प बस म्हणत नाही, त्याला काम देते. वजन कुठल्या पायावर आहे, तेवढं बघ. पाऊल टाकायचं तर आधी सगळा भार मागच्या पायावर घ्यायचा, पुढचा पाय रिकामा करायचा. टाच टेकवायची, पण तिच्यावर अजून काही द्यायचं नाही. मग भार हळूहळू पुढे जातो, तळवा टेकतो, गुडघा वाकतो, मात्र बोटांच्या पुढे जात नाही आणि आतही पडत नाही. ठिबकचं पाणी खोडाशी जिरतं तसा तो पायात जिरला पाहिजे. हात आपल्या मनाने काही करत नाहीत. कंबर वळली की तिच्यामागे जातात. हे चालू असताना भावाचा विचार आला की तोल हलतो आणि तिथल्या तिथे कळतं. बसून ध्यान करताना मन भटकलंय हे मला कितीतरी वेळाने समजायचं. इथे पाय लगेच सांगतो. माझ्यासारख्या माणसाला याचा फार आधार वाटला.

सुरुवातीचे आठवडे शांती वगैरे काही नव्हती. मांड्या भरून यायच्या, क्रम विसरायचा. बांधावरून जाणारे थांबून विचारायचे, “काय करू राह्यला भो?” त्यांनाही दोन पावलं करून दाखवली. ‘ढगांसारखे हात’ नावाची हालचाल आहे, बाजूला सरकत सरकत दोन्ही हात आळीपाळीने तोंडासमोरून न्यायचे. ती जमायला लागली त्या सुमारास एका पहाटे लक्षात आलं, श्वास आपोआप लांब झालाय आणि खांदे खाली आलेत. त्यासाठी मी वेगळं काही केलं नव्हतं.

दिवसभरात काय फरक पडला? एक प्रसंग सांगतो. ऐन कापणीच्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन आला, ठरलेल्यापेक्षा कमी भाव म्हणाला. गाडी बांधावर उभी, मजूर आलेले. पूर्वी मी पहिल्या वाक्यालाच भडकलो असतो. त्या दिवशी आधी टाचा जमिनीला टेकल्याचं जाणवलं, मग गुडघे सैल झाले, मग बोललो. जे म्हणायचं होतं ते सगळं म्हटलं, आवाज न चढवता. भाव काही फारसा सुधारला नाही. पण त्या रात्री मी झोपलो. मनाच्या शांतीबद्दल बोलतात ती मला अशी भेटली. काळजी जाते असं मला वाटत नाही आणि जावी असंही नाही, घर त्या बागेवर चालतं. फक्त ती आता अंगात घट्ट बसून राहत नाही.

आमच्या अप्पांना कंपवात (पार्किन्सन) आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत १९५ कंपवाताच्या रुग्णांवर अभ्यास झाला होता. २४ आठवडे, आठवड्यातून दोनदा ताई ची केलेल्यांचा तोल इतर व्यायाम केलेल्यांपेक्षा चांगला सुधारला. हे वाचून डॉक्टरांना विचारलं, त्यांची हरकत नव्हती. अप्पा खुर्चीच्या पाठीला धरून फक्त एका पायावरून दुसऱ्या पायावर भार नेतात, मी शेजारी उभा असतो. त्यांच्या आजाराचं काय होईल ते मी सांगू शकत नाही, पण पहाटे माझ्या आधी ते खळ्यात येऊन बसलेले असतात, याचा मला किती आनंद होतो!

त्रासाच्या गोष्टीही आहेत. समोरून घेतलेल्या व्हिडिओत डावं-उजवं उलटं होतं, म्हणून पाठमोरा शिकवणारा व्हिडिओच शोधा. पैसे भरून घेतलेल्या एका अ‍ॅपमध्ये गुडघ्याबद्दल एक शब्द नव्हता, ही मला गंभीर चूक वाटते. माझ्या आसपास शिकवणारा कुणी मिळाला नाही. तुमच्या गावात असेल तर निदान सुरुवातीला त्याच्यासमोरच करा, कारण कंबर वळतेय की नुसता गुडघा पिळतोय हे आपलं आपल्याला दिसत नाही. गुडघा आधीच दुखत असेल तर कमी वाका, उभ्यानेही होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा सूर्य उगवायच्या आत उरकायचं. पावसाळ्यात खळं निसरडं होईल, म्हणून पडवीतली खतांची पोती हलवून जागा करतोय. चार पावलं सरळ टाकता आली की पुरे.