बटणाचा टॉवेल : गावातल्या शिलाईवाल्या वहिनीकडून शिवून घेतलेला

पहिले स्टार सांगून टाकते, पाचपैकी चार. एक कापला तो पावसाळ्याच्या पायी, त्याचं खाली लिहिलं आहे.

वस्तू म्हणाल तर साधीच, स्वयंपाकघरात हात पुसायचा टॉवेल, वरच्या टोकाला चुण्या घालून दुहेरी कापडाची पट्टी जोडलेली, ती पट्टी ट्रॉलीच्या हँडलवरून नाहीतर खिडकीच्या गजावरून घ्यायची अन् बटण लावून टाकायचं, बस. पोट्टे हात पुसता पुसता अर्धे लटकले तरी खाली येत नाही. ज्यांच्या घरी टॉवेल सारखा ओट्याखाली पडतो अन् मग त्याचंच पायपुसणं होते, त्यांना समजेल मी काय म्हणून राहिली ते.

आमच्या आर्वी तालुक्यातल्या गावात एक वहिनी घरीच ब्लाउज अन् पिको-फॉल करते, समोरच्या खोलीत पायाची मशीन आहे, पाटी-बिटी काही नाही, विचारत जायचं. टॉवेल आपला न्यायचा, पट्टीचं कापड तिच्या कटपीसमधून निघते, शिलाई एका नगाची ४० रुपये. मोठा टॉवेल मधातून आडवा कापला की दोन नग होतात आणि कापलेली बाजू पट्टीच्या आत दबते म्हणून सूत निघत नाही, इंटरलॉकही लागत नाही. (कापूस आमच्या वावरात पिकते अन् टॉवेल घ्यायचा सोलापूरचा, पण टेरीत, म्हणजे फंदेवाल्या टॉवेलच्या कपड्यात, खरंच तोच चांगला निघाला.)

आता बटणाचं. वहिनी पहिले म्हणे, "काऊन जी ताई, काज कायले पाहिजे? वेलक्रो मारून देतो ना, पटकन होते." म्हणून एक वेलक्रोचा अन् एक बटणाचा असे दोन्ही शिवून घेतले आणि वापरून पाहिले. वेलक्रोच्या हुकांत टॉवेलचंच सूत अन् केस जाऊन बसतात, मग पकड ढिली पडते, शिवाय धुताना उघडा राहिला की ओढणीचे धागे ओढून ठेवतो. त्याचा जन्मच तसला आहे म्हणा, जॉर्ज द मेस्त्राल नावाच्या स्विस इंजिनिअरने कुत्र्याच्या केसांत अडकलेले काटेरी बोंड पाहून तो काढला अन् १९५५ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं, धुऱ्यावरून येताना लुगड्याला गोखरू चिकटते त्यातलाच प्रकार. टिच बटण लावायचा विचारही करू नका, टॉवेल जोरात ओढला की टक्कन सुटते.

काज-बटण मात्र पक्कं. आणि इथे वहिनीचा हात दिसतो. चार भोकांचं बटण लावताना ती बटणाखाली आगपेटीची काडी ठेवते, टाके झाले की काडी काढून दोऱ्याला वेढे देते, म्हणजे बटण थोडं उंच राहते अन् जाड पट्टीवर काज दाटत नाही, ओल्या हातानंही लागते. चुण्यांच्या जागी टॉवेलच्या चार-पाच घड्या एकावर एक येतात, तिथे बारीक सुई तुटते, म्हणून ती १६ नंबरची लावून हळू चालवते. पट्टी कडक करायला बकरम टाकू का म्हणाली होती, मी नाही म्हटलं.

टॉवेल धुवूनच न्या, तिचं स्वतःचंही तेच म्हणणं आहे. नवा सुती कपडा पहिल्या धुण्यात आटतो, टेरी वेगळी आटते अन् पट्टीचं पॉपलिन वेगळं, मग शिवल्यावर पट्टी चोळामोळा झाल्यासारखी दिसते. दुसरं म्हणजे कोरा टॉवेल पाणीच पीत नाही, दोन-तीनदा धुतला की मग पितो. कपडे मऊ करायचं ते सुगंधी लिक्विड यात टाकू नका, त्यानंही पाणी शोषणं कमी होते.

पावसाळ्यात मात्र चुण्यांची जागा वाळतच नाही हो. खालचा टॉवेल कोरडा अन् वर पट्टीजवळ ओल, श्रावणात तर असा कुबट वास येते की विचारू नका. मी तिला पट्टी अरुंद अन् चुण्या कमी करायला सांगितल्या, थोडा फरक पडला पण पूर्ण नाही. जोडी शिवून घ्या, एक हँडलला अन् एक दोरीवर. आणि ज्यांची शेगडी हँडलच्या अगदी जवळ आहे त्यांनी टॉवेल दुसऱ्या टोकाच्या हँडलला लावा, हा जागचा हलत नाही म्हणून आपलं त्याच्याकडे लक्षच राहत नाही.

ऑनलाइन तयार मिळतात तसले, पण मी पाहिले त्यात बहुतेक मायक्रोफायबरचे, गरम गंजाला, म्हणजे पातेल्याला, लागले की वितळतात. वहिनी भाव कमी करत नाही, मागूही नका, काज हातानं करते बिचारी. फक्त लग्नसराईत अन् दिवाळीच्या तोंडावर टॉवेल टाकू नका, ब्लाउजच्या गठ्ठ्याखाली जाईल अन् तुम्ही चकरा मारत बसाल.