सायरोमॅझिन प्रीमिक्स: सत्तरीच्या पावसात लेयर शेडवर वापरून पाहिलं

आमचं शेड गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आहे. पिंजऱ्यात 6,000 लेयर (अंडी देणाऱ्या कोंबड्या) आणि खाली खताचे ढीग. ढिगातल्या माश्यांसाठी मे अखेरीस 1 टक्क्याचं सायरोमॅझिन प्रीमिक्स (खाद्यात मिसळायची पावडर) सुरू केलं, आता पाऊस संपलाय. घाईत असाल तर एवढंच वाचा: पावडर चांगली आहे, पैसे वसूल होतात. पण शेडमध्ये निपल (कोंबड्यांच्या पाणी प्यायच्या तोट्या) गळत असतील तर आधी ते बदला, पावडर नंतर घ्या.

हे माशी मारायचं औषध नाही, हे दुकानदार सांगत नाहीत. कोंबडीच्या खाद्यातून ते विष्ठेत उतरतं आणि तिथल्या अळीला कात टाकू देत नाही. उडणाऱ्या माशीला काही होत नाही, तयार कोषालाही नाही. आपल्याकडच्या उबदार हवेत अंड्यापासून माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि ती माशी पुढे दोन-चार आठवडे जगते. म्हणजे सुरुवातीचा पंधरवडा शेड जसंच्या तसं दिसणार. बरेच जण इथेच ‘माल बोगस’ म्हणून मोकळे होतात.

फरक बघायचा तर खुरपं घेऊन ढिगाच्या कडेला बसा. ओल असते तिथे दोन बोटं उकरलं की आधी पांढऱ्या अळ्यांचा वळवळता थर लागायचा आणि जरा कोरड्या बाजूला कोष, रंगाने नि आकाराने थेट उकड्या तांदळासारखे. पावडर लागू पडल्यावर बारीक अळ्या दिसायच्या, पण पोसलेल्या क्वचितच. कोष बहुतेक रिकामे, नुसती टरफलं. आणि काळे चकचकीत भुंगेरे मात्र जिवंत, इकडून तिकडे पळत होते. हे भुंगेरे माशीची अंडी आणि अळ्या खातात. पावडर त्यांना हात लावत नाही, माझ्या मते हा तिचा सगळ्यात मोठा गुण. आम्हाला एकाने छातीठोकपणे सांगितलं होतं, ढिगावर फवारा मारा, दोन दिवसांत साफ. फवाऱ्याने भुंगेरे आधी जातात, आणि माश्या आठवड्याने परत.

आता उणी बाजू. एका रांगेखाली जुने निपल गळत होते आणि तिथे खताचा चिखल झाला होता. खाद्य तेच, मात्रा तीच, तरी त्या चिखलात अळ्या आरामात वाढत होत्या. ताज्या विष्ठेत तीन चतुर्थांश पाणीच असतं. ती सुक्या ढिगावर पडली तर वाळते, वरून पाणी ठिबकत राहिलं तर नाही. निपल बदलले, खाद्यातलं मीठ तपासलं (मीठ जास्त झालं की कोंबडी पाणी ढोसते आणि पातळ हगते) तेव्हा ती रांग सुधारली. पश्चिमेकडून येणारी झड अडवायला प्लॅस्टिकचा पडदा सोडला, तर आत अमोनियाने डोळे चुरचुरायला लागले. शेवटी माडाची विणलेली चुडतं बांधली. झड अडते, वारा खेळतो. ओल्या खतावर चुना मारायचा सल्ला सगळेच देतात. मारू नका, अमोनिया आणखी सुटतो आणि खतातलं नत्र हवेत जातं.

मात्रा टनाला 500 ग्रॅम. आधी दहा किलो मका भरड्यात नीट कालवा आणि मग मिक्सरमध्ये टाका, थेट ओतली तर सारखी पसरत नाही. आमच्याकडे दिवसाला साधारण 660 किलो खाद्य लागतं, यावरून तुमचा खर्च काढा. चार ते सहा आठवडे द्यायची, मग तेवढीच विश्रांती. वर्षभर चालू ठेवली तर माश्या तिला दाद देईनाशा होतात. कल (अंडी कमी झाल्यावर काढून टाकायच्या कोंबड्या) विकायच्या आधी किती दिवस बंद ठेवायची ते लेबलवर बघा.

ढीग एका दमात उपसू नका. आम्ही एकाआड एक रांग काढतो आणि तळाला वीतभर जुनं सुकं खत ठेवतो, त्यात भुंगेरे टिकतात. काढलेलं खत ताडपत्रीखाली. आत ते चांगलं तापतं, मग अळ्या कडेला सरकतात, म्हणून अधूनमधून फावड्याने कडा मध्ये ओढाव्या लागतात. असं मुरलेलं खत कुळागरवाले (माड-पोफळीच्या बागा असलेले) शेडवर येऊन नेतात. पूर्वी ओलं खत फुकट दिलं तरी वासामुळे नको म्हणायचे. ताजं माडाच्या मुळाशी घालायला कुणाला देऊ नका, मुळं जळतात.

खरी परीक्षा चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला. वाड्यावरची घरं पाहुण्यांनी भरलेली, गणपतीवरच्या माटोळीला (लाकडी चौकटीला) फळं टांगलेली, आणि एक माशी दिसली की बोट आमच्याकडे. वस्तीपासून 500 मीटरचा नियम कागदावर ठीक आहे, माशी दोन-तीन किलोमीटरही जाते. यंदा पंचायतीत तक्रार गेली नाही. शेजारची एक काकी मात्र अजून म्हणते, माश्या तुमच्याच. थोड्या असतीलही.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो पाकिटासाठी: एकदा उघडलं की बंद होत नाही आणि आमच्या दमट हवेत पावडरचे गठ्ठे होतात. घट्ट झाकणाच्या डब्यात काढून ठेवा, आणि घेताना तारीख बघा. आम्हाला एकदा मुदत संपत आलेला माल मिळाला होता.