उपशीर्षकं की सलग परिच्छेद?

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेवर लेख लिहायला बसलेल्या भाचीचा प्रश्न: उपशीर्षकं द्यावीत की सलग लिहावं?

मोबाइलवर पाच-सहा वाक्यांचा परिच्छेदही पडदाभर पसरतो. अक्षता सोहळा कधी, होमविधी कधी, एवढंच शोधणाऱ्याला उपशीर्षक लगेच सापडतं. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारा तर एका शीर्षकावरून थेट दुसऱ्यावर जातो. मात्र त्यासाठी अक्षरं नुसती ठळक करून भागत नाही, 'हेडिंग' शैलीच लावावी लागते. पुढच्या वर्षी तपशील बदलायचा तर तेवढाच भाग उघडायचा.

सलग लेखनाला मेहनत जास्त. पण सात नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या) 68 लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, ते वर्णन तुकड्यांत कापलं की रंगतच जाते. दर दोन ओळींना शीर्षक म्हणजे एसटीचं वेळापत्रक!

तारखा, मार्ग सांगायचे तर उपशीर्षकं; आठवणी लिहायच्या तर सलग, फक्त परिच्छेद आखूड.