सिरपूर तलावाचा फेरा: घरातल्या सर्वांना झेपेल अशी पायवाट

इंदुरात आजी-आजोबांपासून बालवाडीतल्या मुलापर्यंत सर्वांना घेऊन कुठे जावे असे विचारले, की बहुतेक जण पाताळपाणीचे नाव घेतात. तो धबधबा देखणा आहेच, पण तेथे माणूस पाहतो अधिक आणि चालतो कमी. निवांत चालण्यासाठीच घराबाहेर पडायचे असेल, तर धार रोडवरील सिरपूर तलावाला माझी पहिली पसंती राहील. राजवाड्यापासून तो पाच-सहा किलोमीटरवर असल्यामुळे रविवारचा अख्खा दिवस त्यासाठी राखून ठेवावा लागत नाही.

होळकर संस्थानाने विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला हा तलाव सुमारे १६१ हेक्टरांवर पसरलेला असूनही भर पावसाळ्यात त्याची खोली दोन मीटरच्या पुढे जात नाही, आणि मुलांबरोबर येणाऱ्यांच्या दृष्टीने त्याचा खरा गुण हाच आहे. पाणी उथळ असल्याने लांब तांबड्या पायांचे शेकाटे काठालगतच्या चिखलात चोची खुपसत हिंडतात. थापट्या आणि तलवार बदकांना खोल बुडी मारण्याची गरज पडत नाही, त्यामुळे ती शेपटी वर करून काठापासून फार दूर न जाता चरत राहतात. कपाळावर पांढरा ठिपका असलेले काळे वारकरी, पाणवनस्पतींच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या ओळखायला तर दुर्बीणही लागत नाही. दुर्बीण असल्यास जरूर न्यावी, मात्र ती एकच असेल तर भावंडांच्या भांडणाची तयारी ठेवूनच निघावे.

वाट सपाट आहे. चढ म्हणावा असा कुठेही नाही. सकाळी आधी पाळेवरून चालावे आणि ऊन चढू लागले की झाडीतून परतावे, हा क्रम मला सर्वांत सोयीचा वाटतो, कारण पाळेवर सावली फारच कमी आहे आणि फेब्रुवारी सरला की नवाच्या सुमारासच डोके तापू लागते. संपूर्ण तलावाला वळसा घालण्याचा हट्ट मात्र लहान मुले बरोबर असताना धरू नये. पाळ आणि झाडी मिळून होणारा छोटा फेरा पुरेसा आहे, आणि पक्ष्यांपाशी थांबत थांबत गेल्यास तेवढ्यातही सकाळ सहज सरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, कारण स्थलांतरित बदके तेव्हाच मुक्कामाला असतात. पावसाळ्यात हिरवळ डोळे निववते खरी, पण माळव्याची काळी माती बुटांना अशी चिकटते की मुलांना अर्धी वाट उचलूनच न्यावे लागते.

या झाडीला जंगल समजून जाणाऱ्याची निराशा होईल. शहर अगदी लगत आहे, धार रोडवरील वाहनांचा आवाज येत राहतो, आणि असा परिसर टिकणे ही आपोआप घडणारी गोष्ट नव्हे. पद्मश्री भालू मोंढे आणि त्यांच्या ‘द नेचर व्हॉलंटिअर्स’ या संस्थेने या तलावासाठी वर्षानुवर्षे खपून काम केले. २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असल्याची मान्यता, मिळाला, आणि २०२५ मध्ये इंदूर व उदयपूर ही रामसरची पाणथळ-शहर मान्यता मिळवणारी भारतातील पहिली शहरे ठरली. त्यामुळे मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून फिरणारी मंडळी पाहिली, की माझ्यासारख्या माणसाची सहनशक्ती संपते.

पिण्याचे पाणी आणि टोप्या घरूनच न्याव्यात. खाण्याचे पदार्थ शक्यतो नेऊच नयेत: वेफर्सची रिकामी पाकिटे वाऱ्याने थेट पाण्यात जातात, आणि तसेही परतताना पोहे-जिलेबी खाल्ल्याशिवाय इंदूरकराची सकाळ पुरी होत नाही. बसने यायचे असल्यास गंगवाल बसस्थानक गाठून तेथून धार रोडने पुढे यावे.

ज्यांची मुले दहा-बारा वर्षांची झाली आहेत आणि ज्यांना दम लागेल असा चढ हवा आहे, त्यांनी रालामंडलच्या टेकडीवर होळकरांच्या शिकारखान्यापर्यंत जावे. त्याहून लहान मुले आणि गुडघे दुखणारी वडीलधारी माणसे एकाच गाडीत असतील, तर सिरपूरच बरे.